शेअर फोल्डर उघडत नाही? आधी एरर वाचा, मग सेटिंगला हात लावा

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. दुपारचे तीन वाजले होते. आमच्या शाळेच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर एक शेअर फोल्डर आहे. मुलांची आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुकाची पहिली पानं, सगळं स्कॅन करून त्यात ठेवलेलं असतं. आम्ही दोघं-तिघं शिक्षक स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवरून ते फोल्डर उघडतो आणि फॉर्म भरतो. त्या दिवशी ते उघडेना. स्क्रीनवर इंग्रजीत एक चौकट आली. ती कोणी नीट वाचलीच नाही. ओके दाबलं, परत प्रयत्न केला, परत तीच चौकट.

मग ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याने फोनवरच सांगितलं, "फायरवॉल बंद करा, पासवर्ड काढून टाका, फोल्डरला एव्हरीवन टाकून फुल कंट्रोल द्या." आम्ही तसं केलं. फोल्डर उघडलं, फॉर्म गेले, सगळ्यांना हायसं वाटलं.

पंधरा-वीस दिवसांनी नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, माझ्या बहिणीचं आधार कार्ड लॅबच्या कॉम्प्युटरवर दिसतंय."

जाऊन बघितलं तर खरंच. लॅबच्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून ऑफिसचं ते फोल्डर उघडत होतं. शेकडो मुलामुलींचे आधार नंबर, पालकांचे मोबाईल नंबर, खात्यांचे नंबर, सगळं उघडं. कोणी पुसून टाकलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं. त्या मुलाने येऊन सांगितलं म्हणून आम्ही वाचलो.

नंतर शोधलं तेव्हा मूळ कारण अगदी साधं निघालं. त्या दिवशी सकाळी ऑफिसला नवा राउटर बसवला होता. विंडोजने ते नेटवर्क अनोळखी समजून शेअरिंग बंद केलं होतं. दोन क्लिकचं काम होतं. आम्ही मात्र घराचे सगळे दरवाजे उघडे टाकून आलो होतो.

शेअर फोल्डर आज फक्त शाळेत नाही. दुकानाचं बिलिंग, दवाखान्यातले पेशंटचे रेकॉर्ड, झेरॉक्स सेंटर, ट्रस्टचं ऑफिस, घरी मुलांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवलेले लग्नाचे फोटो, सगळीकडे हीच पद्धत आहे. आणि "चालत नाही" म्हटलं की सगळीकडे तोच सल्ला मिळतो, फायरवॉल बंद करा. म्हणून हा लेख.

आत नेमकं काय होतं?

ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याला आपण सर्व्हर म्हणू. त्यासाठी महागडं मशीन लागत नाही, साधा ऑफिसचा कॉम्प्युटरही सर्व्हरचं काम करतो. विंडोजमध्ये या कामासाठी जी भाषा वापरली जाते तिचं नाव एसएमबी. तिची सुरुवात १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीत झाली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. लिनक्सवाल्यांसाठी १९९२ पासून सांबा नावाचं मोफत सॉफ्टवेअर तेच काम करतं. नेटवर्कला जोडायच्या स्टोरेज पेट्या, म्हणजे ज्यांना नॅस म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच पेट्यांत आत सांबाच असतं. त्यामुळे पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी त्यांनाही लागू पडतात.

आता समजा, तुम्हाला दुसऱ्या मोहल्ल्यातल्या एका घरी जायचंय. आधी रस्ता चालू पाहिजे. मग घराचा पत्ता बरोबर पाहिजे. मग दार उघडलं पाहिजे. दारावर "कोण?" असं विचारतील, तेव्हा ओळख पटली पाहिजे. आणि आत गेल्यावरही कुठल्या खोलीत जायचं, कुठल्या कपाटाला हात लावायचा, याची परवानगी पाहिजे. शेअर फोल्डरचंही असंच आहे. रस्ता, पत्ता, दार, ओळख, परवानगी. गाडी या पाचपैकी कुठे अडली ते एरर सांगते. रस्ता बंद असताना पासवर्ड बदलून काही होत नाही, आणि ओळख पटत नसताना फायरवॉल बंद करून काही होत नाही.

१. रस्ता: "नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड"

या एररचा कोड झीरो-एक्स ८००७००३५. शेवटचे अंक ००३५ लक्षात ठेवा. अर्थ एवढाच की समोरून काहीच उत्तर आलं नाही. रस्ता, पत्ता किंवा दार, या तिन्हींपैकी कुठेही अडचण असली तरी हीच एरर येऊ शकते. म्हणून एकेक करून तपासायचं.

सगळ्यात आधी उठून जा आणि सर्व्हर चालू आहे का ते बघा. हसू नका. बऱ्याच वेळा तो झोपलेला असतो. काही वेळ कोणी माऊस हलवला नाही की विंडोज स्लीपमध्ये जातं आणि फोल्डर गायब होतं. सर्व्हरच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीपला "नेव्हर" करून ठेवा. स्क्रीन बंद झाली तर चालते, कॉम्प्युटर झोपला नाही पाहिजे.

मग दोन्ही कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर आहेत का बघा. एक ऑफिसच्या वायफायवर आणि दुसरा कोणाच्या तरी मोबाईल हॉटस्पॉटवर असेल तर ते एकमेकांना भेटणार नाहीत. राउटरच्या गेस्ट वायफायवर जोडलेल्या कॉम्प्युटरलाही सहसा आतले कॉम्प्युटर दिसत नाहीत, गेस्ट वायफाय त्यासाठीच असतं. काही ठिकाणी एका राउटरला दुसरा राउटर जोडलेला असतो. तेव्हा एकाचा पत्ता १९२.१६८.०ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१ने सुरू होतोय का ते बघा. तसं असेल तर ते दोन वेगळे मोहल्ले झाले.

पत्ता बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही कमांड द्या आणि आयपीव्ही४ ॲड्रेसची ओळ वाचा. तिथे १६९.२५४ने सुरू होणारा नंबर असेल तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल, स्विच किंवा राउटर बघा. फोल्डरच्या सेटिंगला हात लावायची गरज नाही.

आता पिंग कमांड लिहून, एक जागा सोडून, सर्व्हरचा पत्ता लिहा. उत्तर आलं तर रस्ता नक्की आहे. उत्तर आलं नाही म्हणजे रस्ता नाहीच असं मात्र समजू नका, कारण काही वेळा फायरवॉल पिंगलाही अडवते.

२. पत्ता: नावाने उघडत नाही, नंबरने उघडतं

पिंगला उत्तर आलं तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन सर्व्हरचा नंबर लिहा, जसं \\१९२.१६८.१.१०. फोल्डर उघडलं तर सर्व्हर ठीक आहे, फक्त त्याचं नाव सापडत नव्हतं.

इथे एक गैरसमज दूर करू या. फाइल एक्सप्लोररच्या "नेटवर्क" यादीत सर्व्हर दिसत नाही म्हणून लोक घाबरतात. ती यादी वेगळ्या सेवेवर चालते. यादीत नाव नसतानाही फोल्डर उघडू शकतं. म्हणून यादीवर विसंबू नका, थेट पत्ता टाका.

"काल चालत होतं, आज नाही" यामागेही अनेकदा पत्ताच असतो. राउटर पत्ते वाटताना कधी कधी सर्व्हरला नवीन नंबर देतो, आणि आपला शॉर्टकट जुन्याच नंबरावर जात राहतो. यावर कायमचा इलाज म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरसाठी एक नंबर राखून ठेवायचा. याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. राउटर बसवायला माणूस आला की त्याच्याकडून हे काम तेव्हाच करून घ्या.

३. दार: नेटवर्क "पब्लिक" झालंय का?

आमच्या शाळेत नेमकं हेच झालं होतं. नवा राउटर लागला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं, आणि नव्या नेटवर्कला ते पब्लिक मानतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखं. अशा ठिकाणी आपले फोल्डर कोणाला दिसू नयेत म्हणून शेअरिंग बंद असतं. हे बरोबरच आहे. आपल्याला फक्त सांगायचंय की हे स्टेशन नाही, आपलं ऑफिस आहे.

सर्व्हरवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडा. ज्या वायफाय किंवा इथरनेटने जोडलंय त्याच्या प्रॉपर्टीज्‌मध्ये जा आणि पब्लिकच्या जागी प्रायव्हेट निवडा. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट नेटवर्कखाली फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू आहे ना ते बघा. झालं. फायरवॉल चालूच राहते, आणि योग्य तेवढंच दार उघडतं.

एसएमबीचं दार म्हणजे पोर्ट नंबर ४४५. वेगळा अँटिव्हायरस विकत घेऊन बसवला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल हे दार अडवू शकते. त्याच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कला "ट्रस्टेड" किंवा "होम" करा. आणि एक गोष्ट कधीच करू नका. घरून काम करता यावं म्हणून राउटरमधून ४४५ नंबरचं पोर्ट इंटरनेटकडे उघडू नका. तसं केलं तर सगळ्या जगाला आपल्या दाराची कडी हाती दिल्यासारखं होतं.

४. ओळख: नाव-पासवर्ड बरोबर, तरी घेत नाही

पासवर्डची चौकट येतेय म्हणजे रस्ता, पत्ता आणि दार ठीक आहे. आता फायरवॉलकडे बघायचंच नाही. इथे पाच कारणं नेहमी भेटतात.

पहिलं, पिन. आपण रोज चार अंकी पिन टाकून कॉम्प्युटर उघडतो आणि शेअर फोल्डरलाही तोच टाकतो. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

दुसरं, रिकामा पासवर्ड. सर्व्हरवरच्या खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज त्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही. एररमध्ये "अकाउंट रिस्ट्रिक्शन्स" असे शब्द येतात. खात्याला पासवर्ड द्या, एरर जाते.

तिसरं, जुना पासवर्ड लक्षात राहिलेला असणं. म्हणजे आपल्या नव्हे, कॉम्प्युटरच्या! सर्व्हरचा पासवर्ड बदलला, पण आपल्या कॉम्प्युटरने जुना जपून ठेवलाय आणि तोच पाठवत राहतो. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये सर्व्हरची नोंद शोधा, काढून टाका आणि नव्याने जोडा.

चौथं, एरर १२१९. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडायला विंडोज नकार देतं. आधीचं कनेक्शन तोडा. जमत नसेल तर साइन आउट करून परत साइन इन करा.

पाचवं, पाहुणा. पूर्वी नाव-पासवर्ड न देता गेस्ट म्हणून फोल्डर उघडायचं. आता मेसेज येतो की सुरक्षा धोरणामुळे ओळख नसलेल्या गेस्टला प्रवेश नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर प्रो आवृत्तीतही हे लागू झालं. शिवाय त्या अपडेटमध्ये प्रत्येक निरोपावर डिजिटल सही, म्हणजे एसएमबी सायनिंग, सक्तीची केली गेली. त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेल्या जुन्या नॅस पेट्या आणि यूएसबी लावलेले राउटर काही जणांकडे अचानक बंद पडले. पेटी बिघडलेली नसते. तिचं सॉफ्टवेअर अपडेट करा, तिच्यावर नाव-पासवर्डचं खातं तयार करा आणि सायनिंगचा पर्याय असेल तर चालू करा.

आमचा अनुभव असा की सर्व्हरवर शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल अकाउंट काढावं आणि त्याला चांगला पासवर्ड द्यावा. मग हेडमास्टरांचा स्वतःचा पासवर्ड सगळ्यांना सांगत बसावं लागत नाही.

५. परवानगी: "ॲक्सेस इज डिनाइड"

कोडच्या शेवटी ०००५. म्हणजे तुम्ही घरात पोहोचलात, ओळखही पटली, पण या खोलीची परवानगी नाही. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण परवानगीच्या याद्या दोन असतात. एक शेअरिंगची आणि दुसरी सिक्युरिटी टॅबमधली, म्हणजे डिस्कवरची. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि दोन्हींपैकी जी कडक असेल ती चालते. शेअरिंगमध्ये लिहायची परवानगी दिली पण सिक्युरिटीत फक्त वाचायची असेल, तर फक्त वाचताच येईल. दोन्हीकडे त्या वेगळ्या खात्याचं नाव घाला आणि लागेल तेवढीच परवानगी द्या. एव्हरीवन आणि फुल कंट्रोल देऊन एरर जाते हे खरं, पण मग कपाटाला कुलूप लावण्यात अर्थ काय राहिला?

शाळेच्या लॅबसाठी एक वेगळी गोष्ट. साध्या विंडोज १० किंवा ११ ला एका वेळी २० कनेक्शनची मर्यादा आहे. तीस मुलांनी एकदम फोल्डर उघडलं की शेवटच्या काहींना "आता आणखी कनेक्शन घेता येत नाही" असा मेसेज येतो. हा बिघाड नाही. मुलांचे दोन गट करा, किंवा फाइल आधीच प्रत्येक कॉम्प्युटरवर टाकून ठेवा.

जुनं मशीन आणि एसएमबी १

जुन्या झेरॉक्स मशीनमधून स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये जायचा, तो बंद झाला, ही तक्रार बरीच ऐकू येते. अशी काही मशीनं फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती जाणतात. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ती नसते. मग कोणीतरी सांगतं, "विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ ला टिक करा." करू नका.

कारण ऐका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस पसरला. तो एसएमबीच्या याच जुन्या आवृत्तीतल्या दोषातून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जात होता. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यात सापडले, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांमध्ये पेशंट परत पाठवावे लागले. दोष दुरुस्त करणारा अपडेट मार्चमध्येच आला होता, अनेकांनी तो टाकलाच नव्हता. पुढच्याच महिन्यात, जून २०१७ मध्ये, तोच दोष वापरणारा नॉटपेट्या आला. त्याचा फटका नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला. तेव्हा ही कुठली तरी दूरची गोष्ट आहे असं समजू नका. जुन्या मशीनवरून स्कॅन पेन ड्राइव्हमध्ये घ्या. चार पावलं जास्त चालावं लागेल, पण फोल्डर सुरक्षित राहील.

आम्ही काय बदललं

त्या मुलाने सांगितलं त्याच दिवशी आम्ही फायरवॉल चालू केली, पासवर्ड परत लावला आणि एव्हरीवन काढलं. नेटवर्क प्रायव्हेट केल्यावर स्टाफरूममधून फोल्डर लगेच उघडलं. लॅबसाठी वेगळं फोल्डर केलं, त्यात फक्त अभ्यासाच्या फाइली. कागदपत्रांच्या फोल्डरची एक प्रत दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवतो. सर्व्हरजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय. त्यावर सर्व्हरचा पत्ता आणि पाच शब्द लिहिलेत: रस्ता, पत्ता, दार, ओळख, परवानगी. पासवर्ड मात्र त्यावर लिहिलेला नाही.

आणखी एक सवय लावून घेतली. चौकट आली की ओके दाबायच्या आधी तिचा मोबाईलवर फोटो काढायचा. कोणाची मदत घ्यायची वेळ आली तर "चालत नाही" एवढंच न सांगता तो फोटो पाठवायचा. आणि मदत करणाऱ्याने काही बंद करायला सांगितलं, तर ते कागदावर लिहून ठेवायचं आणि काम झालं की परत चालू करायचं.

पालक आपल्या मुलींची कागदपत्रं शाळेत देतात तेव्हा ती आपल्याकडे अमानत असते. दुकानदाराकडे गिऱ्हाइकाची, डॉक्टरकडे पेशंटची तशीच. फॉर्मला एक तास उशीर झाला तर धावपळ करून भरून काढता येतो. एकदा बाहेर गेलेला आधार नंबर परत आणता येत नाही. म्हणून पुढच्या वेळी फोल्डर उघडलं नाही तर दोन मिनिटं थांबा आणि ती इंग्रजी चौकट वाचा. इंग्रजी अडत असेल तर घरातल्या मुलाला-मुलीला वाचायला सांगा. त्यांनाही शिकायला मिळेल.